गाठ न मारणारा माणूस

आमच्या घरात दोरा तुटला की गाठ मारायच्या आधी हात क्षणभर थांबतो. माझा थांबतो, बायकोचा थांबतो आणि आता पुतणीचाही थांबायला लागलाय. बटण लावताना गाठच मारावी लागते, त्याला दुसरा इलाज नाही, हे आम्हालाही कळतं. पण बेळगावच्या वडगावात यल्लाप्पाअण्णांच्या घरी नऊ वर्षं भाड्यानं राहिलेल्या माणसाचा हात थांबणारच. तिथं कुणी गाठ मारताना दिसलं की बाहेरच्या कट्ट्यावरून आवाज यायचा, "गाठ म्हंजे आळशाची अक्कल!"

मी सांबऱ्याकडचा. विमानतळाच्या कुंपणापलीकडे आमची थोडी शेती आहे. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढायची नोकरी लागली आणि रोजच्या बसच्या धक्क्यांना कंटाळून मी वडगावात खोली घेतली. घरमालक अण्णा, त्यांची बायको रुक्माक्का आणि सून. मुलगा पुण्याला. समोरच्या घरात चार यंत्रमाग. त्यांची खडखड दिवसभर चालायची. पहिला आठवडा मी कानात कापूस घालून बसलो. नंतर माग थांबले की चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं.

अण्णा सांधणीचं काम करायचे. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आले की ते सगळे ओढून टाकत नाहीत. जुन्या धाग्याच्या एकेका टोकाला नव्या ताण्याचा एकेक धागा जोडतात. साडीच्या रुंदीत असे हजारो धागे. बोटांना राख लावायची, दोन टोकं शेजारी धरायची, अंगठ्यानं एक वळ द्यायचा, उलटं दुमडून परत एक वळ, झालं. गाठ मारली तर ती धागे वेगळे ठेवणाऱ्या फणीत अडकते आणि धागा तुटतो. वळ गुपचूप निघून जातो. अण्णा मागाखाली मांडी घालून सकाळी बसायचे ते दुपारी उठायचे, आणि मध्ये कुणाशी बोलायचे नाहीत. उठले की मात्र सकाळपासूनचं सगळं तुंबलेलं बोलून टाकायचे.

राख शेणीची. रुक्माक्का ती फडक्यातून चाळून तपकिरीच्या एका जुन्या डबीत भरून द्यायची. आंघोळ झाली की अण्णा कपाळालाही त्याच डबीतली लावायचे. मी एकदा विचारलं, देवाची आणि कामाची एकच कशी? तर म्हणाले, "दोन डब्या कुठं सांभाळत बसू रं, पावणं?" नऊ वर्षं मी त्यांच्या घरी भाडं दिलं आणि नऊ वर्षं पाहुणाच राहिलो.

गल्लीत त्यांना 'फिलिपीन अण्णा' म्हणत. त्याची गोष्ट अशी. एका परदेशी संस्थेला फिलिपाइन्सच्या दक्षिणेकडच्या बेटावर, मिंदानावला, हातमाग शिकवणारा माणूस पाठवायचा होता. साड्यांसाठी नावाजलेल्या शेजारच्या शहापूरच्या दोघातिघांकडे त्याची प्रमाणपत्रंही होती. पण तो मुसलमानांचा वेगळा कारभार असलेला मुलूख आहे, तिथं बंडखोरी चालते, असं ऐकलं आणि एकाची आई आजारी पडली, दुसऱ्याची बायको. अण्णांकडे प्रमाणपत्र नव्हतं, तरुणपणी हातमाग चालवलेला तेवढाच. ते म्हणाले, "माग हाय न्हवं तिथं? मग मी जातो की." साठीला दोन वर्षं कमी असताना माणसानं पहिल्यांदा पासपोर्ट काढला.

जाताना ती डबी बरोबर. मनिलाच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं ती उघडली. आत बारीक करडी पूड. त्यानं आणखी दोघांना बोलावलं. अण्णांकडे इंग्रजी शब्द मोजून पाच, त्यात राखेला शब्द नाही. त्यांनी काय केलं, तर स्वतःच्या धोतराच्या काठाचा एक धागा ओढून काढला, दातानं मधोमध तोडला, बोट डबीत बुडवलं आणि तिघांच्या नाकासमोर तो जोडून दाखवला. मग अधिकाऱ्याच्या हातात धागा देऊन म्हणाले, "पुल." त्यानं ओढला. तुटला नाही. "मग त्यानं काय केलं?" कट्ट्यावर कुणीतरी दर वेळी हे विचारायचंच. अण्णा सांगायचे, "काय करतंय? आपल्या शर्टाची उसवलेली बाही म्होरं केलान!"

हे खरं किती आणि तिखटमीठ किती, मला माहीत नाही. पण डबी गेली आणि दोन वर्षांनी डबी परत आली, एवढं मी पाहिलंय.

त्या मुलखाचं नाव अण्णा 'आर्म' असं सांगायचे. इंग्रजी आद्याक्षरं जोडून तिथले लोक तसंच म्हणत. देश फिलिपाइन्सच, पण मुसलमान वस्तीच्या काही प्रांतांना मिळून स्वतःचं सरकार. कट्ट्यावर यावर पुष्कळ चर्चा झाली.

"म्हंजे आपल्या सावनूरच्या नबाबासारखं काय?"

"नबाब कुठला? मतं घालून निवडत्यात की वो."

"मग पासपोर्ट येगळा?"

"न्हाय. पासपोर्ट एकच."

"मग येगळं काय?"

अण्णा विचार करून म्हणाले, "हापिसात त्यांच्या भाषेत बोललं तर कुणी तोंड वाकडं करत न्हाय."

बेळगावात हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

ते राहिले ते गाव एका मोठ्या तळ्याच्या काठी. तिथले लोक स्वतःला मरानाव म्हणवतात, म्हणजे तळ्याचे लोक. विणणाऱ्या सगळ्या बायका. काकाला तिथं बापा म्हणतात आणि काकूला, मावशी-आत्यालाही बाबो. अण्णा महिन्याभरात सगळ्या गावाचे बापा झाले. अमावस्येला ते मागाला हात लावत नसत. आमच्याकडे विणकरांची सुट्टी तीच. तिथली सुट्टी शुक्रवारी. संस्थेच्या साहेबानं कुरकुर केली, तेव्हा गावातल्या सगळ्यात थोर विणकरीण असलेल्या बाबो सालिहा म्हणाल्या, चंद्र बघून सुट्टी घेणारा माणूस आहे, त्यात चूक काय? रमझानचा चंद्र आम्हीही बघतोच. तेव्हापासून अण्णांची अमावस्या पक्की झाली.

ह्या बाबो सालिहांचं नाव अण्णा घ्यायला लागले की रुक्माक्का आतून म्हणायची, "आली बगा सवत." आणि अण्णा खरोखर लाजायचे.

तिथले लोक मालोंग नावाचं एक वस्त्र वापरतात. लुंगीसारखं, पण दोन्ही टोकं शिवून गोल केलेलं. बाया नेसतात, पुरुष नेसतात, त्याचाच पाळणा करतात, माणूस गेला की त्यातच गुंडाळतात. त्यांचे माग अरुंद. म्हणून मालोंगला पट्टे जोडावे लागतात, आणि त्या जोडावर नक्षीची एक पट्टी शिवतात. तिचं नाव लांगकित. ती कमरेला बांधायच्या छोट्या मागावर विणतात, आणि दिवसाला चार बोटंही पुढं सरकत नाही.

अण्णांनी हे पाहिलं आणि त्यांच्यातला शहापुरी विणकर जागा झाला. जोड? चांगल्या वस्त्राला जोड कशाला? आमच्याकडे काठ आणि अंग एकाच मागावर एका दमात विणतात. त्यांनी सुताराला हाताशी धरून नारळाच्या लाकडाचा रुंद माग उभा केला आणि दोन महिने खपून बिनजोडाचं सलग मालोंग विणलं. मधोमध त्या पट्टीसारखीच नक्षी, पण काठासारखी अंगातच विणलेली. महिनाभराच्या जागी दोन दिवसांत होईल, बायकांचे कष्ट वाचतील, असा हिशोब.

बाबो सालिहांनी कापड हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, डोक्याला लावलं, छान आहे म्हणाल्या आणि घडी करून परत दिलं. मग आठवडाभर त्या नव्या मागाला एकाही बाईनं हात लावला नाही. अण्णांना कळेना. शेवटी बाबोंच्या भाचीनं, नोरायानं, मोडक्या इंग्रजीत सांगितलं. पोरीचं लग्न ठरलं की कापड बाजारातूनही आणतात, कुणाचंही चालतं. पट्टी मात्र घरच्या बाईनं विणलेली लागते. मावशी विणते, आत्या विणते. कापडाला जोडच नसेल तर बाबोनं कुठं विणायचं?

हे सांगताना अण्णा दर वेळी स्वतःच्या कपाळावर हात मारायचे. "जलमभर सांधा केलो. त्यावर घर चालवलो. आन् तितं जाऊन म्हटलो, सांधा नको! शाणा कुठला!"

दुसऱ्या दिवशी ते कात्री घेऊन बाबोंच्या दारात गेले. विणकर कापड कापतो ते आडवं, मागावरून उतरवताना. स्वतःचं सलग वस्त्र उभं, मधोमध फाडायचं म्हणजे काय, ते विणकराच्या घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही. त्यांनी मधली आपली नक्षी कापून काढली आणि दोन पट्टे बाबोंच्या समोर ठेवले. म्हातारी आधी बघतच राहिली, मग इतकी हसली की तिला ठसका लागला. तिनं अण्णांना काळी कॉफी दिली. मग एक दोरी घेऊन त्या पट्ट्याची लांबी मोजली आणि दोरी कनवटीला खोचली.

त्यानंतर अण्णांनी बायकांना एकच गोष्ट शिकवली. राख लावून वळ द्यायचा. नोरायाला तो जमता जमेना. ती हळूच गाठ मारायची आणि अण्णा फणीजवळ बोट नेऊन नेमकी ती गाठ शोधायचे. "नो नॉट," म्हणजे गाठ नको, म्हणायचे. पाच शब्दांतले दोन ह्यावरच खर्च झाले.

परतायची वेळ आली तेव्हा पट्टी जेमतेम सुरू झाली होती. बाबो म्हणाल्या, पट्टे तू घेऊन जा, लांगकित मी पाठवीन. तुझी बायको शिवील. अण्णा म्हणाले, इथंच ठेवतो, परत येईन तेव्हा नेईन. तर म्हणाल्या, "कापड तुझ्याकडं, पट्टी माझ्याकडं. म्हणजे दोघांनाही विसर पडायचा नाही."

अण्णा परत आले आणि काही महिन्यांतच त्या तळ्याकाठच्या शहरात, मरावीत, लढाई पेटली. बंडखोर शहरात शिरले, सैन्यानं वेढा घातला, वरून बाँब. पाच महिने चाललं. बाबोंचं गाव तिथून जवळच. संध्याकाळी मी कामावरून आलो की अण्णा माझ्या खोलीच्या दारात उभे असायचे. "बघ की जरा मोबाइलात." मी बघायचो. पडलेल्या मशिदी, पळणारी माणसं, शाळांच्या वर्गात दाटीनं बसलेल्या बायका. अण्णा फोन डोळ्याला लावून एकेक चेहरा तपासायचे. नोरायाचा नंबर लागत नव्हता. संस्थेला मी चार पत्रं लिहिली, एकाचं उत्तर आलं, की प्रकल्प बंद झाला आहे.

ते दोन पट्टे ट्रंकेत होते. वर्षातून एकदा रुक्माक्का उन्हात घालायची. सून बिचारी भाबडेपणानं म्हणाली, "मामंजी, रविवार पेठेत चांगली लेस मिळत्या. लावून शिवून टाकूया की." अण्णांना रागावताना मी तेवढं एकदाच पाहिलं. ती पोर दोन दिवस त्यांच्यासमोर आली नाही. मग त्यांनीच तिला जवळ बसवून सगळी हकिकत सांगितली, आणि पुढच्या वर्षापासून पट्टे उन्हात घालायचं काम सुनेनं आपणहून घेतलं.

दीडेक वर्षानं बातमी आली, की त्या मुलखात मतदान घेतलं, लोकांनी कौल दिला आणि जुना कारभार जाऊन त्या जागी नव्या नावाचा नवा कारभार आला. मी ती कट्ट्यावर वाचून दाखवली. अण्णांकडे संस्थेचं एक ओळखपत्र होतं, त्यावर जुनं नाव छापलेलं. लोकांनी चेष्टा आरंभली. "अण्णा, तुमचा मुलूखच गेला की वो! आता कुठं जाणार?"

अण्णा हसले नाहीत. ओळखपत्र धोतराला पुसत म्हणाले, "गेला तर गेला. इचारून गेला. पेटी ठेवून लोकास्नी इचारलं, ऱ्हायाचं का बदलायचं." मग म्हणाले, "आमास्नी कुणी कदी इचारलं रं?"

सीमाभागात ह्या प्रश्नावर भाषणं पुष्कळ झालीत, पण मला आठवतं ते अण्णांचं हे वाक्य, कारण त्यात राग नव्हता. साधी चौकशी होती.

तोवर साखरेनं त्यांचे डोळे पोखरायला घेतले होते. आधी काळा धागा दिसेना, मग पांढराही. मागवाले समजून घ्यायचे, पण एक दिवस अण्णांनी स्वतःच काम सोडलं. "शेजारचा धागा उचलालोय मी. दुसऱ्याचं कापड कशाला खराब करू?" डबी मात्र खिशात राहिली. कट्ट्यावर बसून ते उगीच दोन धागे वळत राहायचे. मला एकदाच म्हणाले, आणि सरळ म्हणाले, "डोळं हाईत तवर ती पट्टी यावी, पावणं. शिवलेलं बघायचं हाय मला. आन् म्हातारी हाय का न्हाय, तेवढं कळाय पायजे."

मग माझ्या थोरल्या भावाची मुलगी, स्नेहल, डॉक्टरकी शिकायला दावावला गेली. आमच्याकडची बरीच मुलं जातात. दावाव त्याच बेटावर आहे. मी तिला त्या दोन पट्ट्यांचा फोटो पाठवला आणि गावाचं नाव दिलं. पोरगी खटपटी. तिथल्या बाजारात मरानाव बायका कापडाचे गाळे लावतात. स्नेहल एका गाळ्यावर गेली. गाळेवालीनं फोटो पाहिला आणि कुठल्या गावची, कुणाची कोण, आई कुठल्या घरातली, असं आपल्या बायका विचारतात तसं विचारत सुटली. तीन आठवड्यांनी नोरायाचा निरोप आला. पट्टी आहे. थोडी राहिली आहे. थांबा.

अण्णा थांबले. तोवर डाव्या डोळ्यानं पूर्ण आणि उजव्यानं बहुतेक दगा दिला होता.

स्नेहल सुट्टीत आली ती पुडकं घेऊनच थेट वडगावला. सकाळची वेळ, समोरचे माग चालू. अण्णांनी आधी हात धुतले, पुसले, मग डबी काढून बोटांना राख लावली. पट्टी मांडीवर घेतली. लाल, पिवळी, जांभळी, वेलबुट्टीची, चार बोटं रुंद. टोकापासून अंगठा फिरवत फिरवत पार दुसऱ्या टोकापर्यंत गेले.

"आन् म्हातारी?" त्यांनी विचारलं.

सोबत नोरायाची चिठ्ठी होती. ती मला वाचावी लागली. लढाईत गाव सोडताना बाबोंनी खांबाला बांधलेला ताणा कापला, अर्धी पट्टी कमरेला गुंडाळली आणि तशाच चालत निघाल्या. छावणीत दुसऱ्या वर्षी त्या वारल्या. पट्टी कमरेलाच होती, आणि ती मोजलेली दोरीही. शेवटी नोरायानं लिहिलं होतं, मी पुढचे धागे जोडले आणि उरलेलं विणलं. बाबोचा रंग मला मिळाला नाही, तेवढं माफ करा.

मी वाचायचा थांबलो. रुक्माक्का दारात उभी होती. तिनं पदर डोळ्याला लावला. जिला इतकी वर्षं सवत म्हणत आली तिच्यासाठी ती रडत होती. मलाही राहवलं नाही.

अण्णा रडले नाहीत. त्यांनी पट्टी परत पहिल्या टोकाला धरली. "कुठवर तिची आन् कुठनं पोरीची?"

आम्हाला स्पष्ट दिसत होतं. मधोमध लाल रंग एकदम फिका झाला होता. मी सांगायला तोंड उघडलं, पण अण्णांनी हात वर केला. अंगठा सावकाश पुढं सरकला, त्या रंगबदलाच्या जागेवरून गेला, पुढं गेला, परत मागं आला. तीनदा तसं झालं. ज्या अंगठ्याला हजार धाग्यांतली एक गाठ सापडायची, तो त्या जागेवरून तीनदा नुसता निघून गेला.

"मला न्हाय गावला सांधा," अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "जमलं की गं पोरीला."

तेव्हा कुठे त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

रुक्माक्कानं आणि सुनेनं मिळून दोन दिवसांत मालोंग शिवलं. अण्णांना ते दिसलं नाही. त्यांनी ते खांद्यावर घेतलं आणि पट्टीवर हात ठेवून बसले.

पुढच्या श्रावणात ते गेले तेव्हा मी वडगाव सोडून सांबऱ्याला परतलो होतो. त्यांचं शेवटचं दर्शन माझ्या मनात आहे ते स्नेहल परत जायला निघाली त्या दिवसाचं. बाहेर रिक्षा थांबलेली, मी बॅग उचललेली, आणि पोरीचा पत्ता नाही. वळून पाहिलं तर ती कट्ट्यावर अण्णांच्या शेजारी बसलेली. तपकिरीची डबी तिच्या हातात. ती नोरायाला द्यायची होती.

"पण अण्णा, विमानतळावर इचारलं तर काय सांगू?"

अण्णांनी चाचपडत तिच्या ओढणीचं टोक हातात घेतलं, एक धागा ओढला आणि दातानं तोडला. मग तिचं बोट धरून राखेत बुडवलं.

"सांगायचं काय न्हाय," ते म्हणाले. "करून दाखीव. हं, वळ दे. गाठ नको."